बिनफोडणीचे चार दिवस

"आज फोडणी नको," असं मी म्हणाले, आणि धोंडाबाईंनी पळी चुलीवर तशीच धरून मान वळवली, तेव्हा मला कळलं की हे मी म्हणाले. तोंडातून शब्द निघून गेले होते आणि मी मागे राहिले होते. पळीतलं तेल तापायला लागलं होतं. तेरा मुलींच्या आमटीचं पातेलं शेजारी वाट बघत होतं. धोंडाबाई आमच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, बोलायला कमी आणि बघायला जास्त. "कुनाचं काय झालं, बाई?" त्यांनी विचारलं. "कुणाचं काही नाही," मी म्हणाले, "तेल जपून वापरायला हवं. लढाईचे दिवस आहेत." धोंडाबाईंनी कोपऱ्यातल्या तेलाच्या डब्याकडे पाहिलं. डबा सोमवारीच भरून आला होता, हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक, डब्याला ठाऊक. "बरं," त्या म्हणाल्या, आणि पळीतलं तेल परत डब्यात ओतलं. आमच्या बाजूला घरातलं कुणी गेलं की दहा दिवस आमटीला फोडणी देत नाहीत. हे कुणी कुणाला शिकवत नाही. लहानपणी कधीतरी बिनफोडणीचं जेवण पानात येतं, आजूबाजूला सगळे गप्प असतात, आणि ती चव जन्मभर जिभेवर बसते.

तासापूर्वी मी हे सगळं एकटीनं पोटात ठेवायचं ठरवलं होतं. हिर्डोशीहून आमच्या बोर्डिंगातल्या ठकूचा चुलता आला होता, चिमाजी. दाराशी आला नाही, रस्त्यापलीकडे चिंचेखाली उभा राहिला. एरवी हा माणूस बाजाराला आला की थेट पायरीवर बसायचा, पाणी मागायचा आणि वहिनीनं, म्हणजे ठकूच्या आईनं, दिलेली नाचणीच्या पिठाची पुरचुंडी पुढं सारायचा. आज हात रिकामे होते आणि मिशा उतरवलेल्या होत्या. मी उंबऱ्यातूनच ओळखलं. तरी पलीकडे जाऊन विचारलं, कारण ओळखलं असं दाखवायचा धीर नव्हता. "बुदवारी गेली," तो म्हणाला, "हिवतापानं. तीन दिस अंगात लाही फुटत व्हती. म्याच अगीन दिला." मग चिंचेकडे बघून म्हणाला, "जाताना शुद्धीत व्हती. म्हनली, ठकीचं पेपर होईस्तवर तिला कळू देऊ नगा. बाईंना सांगा, बाई संबाळतील. म्हून म्या हितं उबा हाय. न्हाईतर पोरीला घेऊनच जानार व्हतो." मी म्हटलं, न्यायची असेल तर न्या, तिची आई आहे. त्यावर चिमाजी जे बोलला ते मला तेव्हाही खरं वाटलं आणि आजही वाटतं. "आज न्हेली तर परत धाडायची ताकद माज्यात न्हाई, बाई. वैनी व्हती म्हून पोरगी हितं व्हती. आता घरातल्या बाया म्हनत्यात, वैशाखात लगीन उरकून टाका. पेपर दिला, पास झाली, येल्ह्याच्या साळंत मास्तरीन लागली, तर म्या चार मान्सांत बोलू शकतो. न्हाईतर काय बोलू?" पेपर चार होते, दोन सोमवारी आणि दोन मंगळवारी. तो आला तो शुक्रवार होता. "मंगळवारी संध्याकाळी मी सांगेन," मी म्हणाले, "बुधवारी ती निघेल. दहाव्याला पोचेल." त्यानं दोन्ही हात जोडले आणि पाणी न पिताच गेला. सुतकातला माणूस, मीही पाणी घ्या म्हटलं नाही. नंतर वाटलं, म्हणायला हवं होतं. वीस मैल चालून आलेला माणूस.

ठकू सतरा वर्षांची. सातवीची फायनल द्यायला बसलेल्या आमच्या तीन मुलींतली सर्वांत हुशार आणि सर्वांत कमी बोलणारी. चार वर्षांपूर्वी सखूबाई, म्हणजे तिची आई, तिला घेऊन आली तेव्हा दोघी पहाटे निघून दिवेलागणीला पोचल्या होत्या आणि दोघींच्या पायांना सारखीच धूळ होती. सखूबाईनं बोर्डिंगच्या खोल्या पाहिल्या नाहीत, शाळा कुठं ते विचारलं नाही. तिनं फक्त माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुमाला कुनी शिकिवलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. माझी मीच शिकले." "मग ऱ्हाऊ दे हितं," ती म्हणाली. मी आजवर जेवढ्या मुलाखती दिल्या त्यांत एवढी थोडक्यात आटोपलेली दुसरी नाही. तेव्हापासून ही मुलगी माझ्याकडे होती, आणि मला वाटायचं की मी तिला वाचू शकते.

वाचू शकते असं सगळ्यांनाच वाटायचं, त्यातूनच शनिवारचा घोटाळा झाला. आमच्या कमिटीचे चिटणीस मानसिंगराव, मनानं मोठे, बोलण्यानं त्याहून मोठे. आसपासच्या वसतिगृहांच्या चालकांना त्यांनी शनिवारी दुपारी आमच्याच ओसरीवर बोलावलं होतं आणि महिनाभर आधी मला विषय लिहून दिला होता, 'विद्यार्थ्यांशी कसे बोलावे'. भाकरी कशी थापावी असं कुणी लिहून द्यावं तसं मला ते वाटलं होतं. पण मी चार पानं काढली होती. माझ्याकडे एकच युक्ती आहे, ती मी लिहिली होती. मुलगी अडखळते आहे असं दिसलं की तिला विचारायचं नाही. तिला तांदूळ निवडायला बसवायचं. सूप दोघींच्या मध्ये, डोळे सुपात, बोटं खड्यांत. डोळे गुंतले की तोंड मोकळं होतं. घरची आठवण, कुणी मारलेलं, कुणी अंगचटीला आलेलं, बापानं दुसरी आणलेली, हे सगळं मला त्या सुपातून मिळालेलं आहे. बोर्डिंगला तांदूळ नेहमी खड्यांचाच येतो. एखाद्या महिन्यात चुकून चांगला आला तर त्या महिन्यात मला मुलींचं काहीही कळत नाही.

आणि दुसरं मी लिहिलं होतं, मुलीपासून काही लपवू नये. त्याखाली रेघ मारली होती. ती रेघ पंचवीस वर्षांपूर्वीच्या माझ्या सासरहून, कामथडीहून आली होती, हे मानसिंगरावांना सांगायचं कारण नव्हतं. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या सालात मी पंधरा वर्षांची होते. नवरा पुण्याला नोकरीला होता. मी त्याला एकूण अकरा दिवस पाहिलेलं. एका सकाळी मी नहाणीपाशी भांडी घासत होते. घरात पहाटेपासून कुजबुज होती, पण सुनेला कोण सांगणार. सासूबाई आल्या, माझा राखेचा हात मनगटाशी धरला आणि नहाणीच्या दगडावर आपटला. एकदा, दोनदा. मग दुसरा हात. बांगड्या फुटल्याचा आवाज आधी आला, अर्थ मागून आला. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचंही बरोबर असेल, तो त्यांचा मुलगा होता, शब्द कुठून आणणार. पण मला मात्र कुणीतरी सांगायला हवं होतं. "तो गेला" एवढी दोन शब्दांची गोष्ट माझ्या कानात कुणी घातलीच नाही, आणि कानात न गेलेली ती गोष्ट पुढं कितीतरी वर्षं अंगात दुसरीकडेच कुठंतरी अडकून राहिली. पुढं दिराच्या पाटीवरून, नसरापूरच्या वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरून मी अक्षरं जमवली, सत्ताविसाव्या वर्षी बाहेरून फायनल दिली, या बोर्डिंगात आले, आणि मनाशी ठरवलं की माझ्या देखत कुठल्याही मुलीला असं कुणाच्या हातानं कळणार नाही. तोंडानं कळेल. ती रेघ त्याची होती.

शनिवारी नऊ चालक जमले. आठ पुरुष आणि एक वाईकडच्या वसतिगृहाच्या म्हाताऱ्या बाई. चहा द्यायला मी ठकूलाच सांगितलं होतं. ते आठवडाभर आधी सांगितलेलं, बदलायचं तर कारण द्यावं लागलं असतं. मी कागद हातात घेऊन उभी राहिले आणि सुपाची गोष्ट सांगितली, सगळे हसले, एका मास्तरांनी विचारलं, मुलग्यांना काय निवडायला द्यावं? मानसिंगराव म्हणाले, "मुलग्यांना शेंगा सोलायला द्या, तांदळापर्यंत पोचायला त्यांना वेळ आहे." पुन्हा हसणं. मग रेघेचं वाक्य आलं. ठकू तेव्हा कोपऱ्यात बशा मांडत होती. वाक्य गाळता आलं असतं. पण चष्म्याखाली ते एवढं ठळक दिसत होतं की जीभ त्याच्यावरून चालतच गेली. "मुलीपासून काही लपवू नये. तिला कळतंच. आणि आपण सांगितलं नाही हेही कळतं." आवाज बरा लागला. वाईकडच्या म्हाताऱ्या बाईंनी मान डोलावली. मी ठकूकडे पाहिलं तर ती एका बशीवर सांडलेला चहा पदरानं पुसत होती, सावकाश, कडेकडेनं. मला वाटलं, चला, तिला काही कळलेलं नाही. मीच चार वाक्यांपूर्वी काय बोलले ते मला ऐकू आलं नव्हतं.

आमटीला मात्र फोडणी नव्हतीच. शनिवारी सकाळी धोंडाबाईंनी विचारलं, "आजपन तेल जपायचं?" काल जपलं आणि आज नाही असं कसं करायचं. एकदा खोटं बोललं की त्याला सोबत द्यावी लागते. मी म्हटलं, जपायचं. आणि खरं सांगायचं तर, दिली असती फोडणी तर ती माझ्या घशाखाली उतरली नसती. सखूबाई चार वर्षांत आठ-दहा वेळा आली असेल, पण मला ती माझ्या घरातली गेल्यासारखी वाटत होती. या घरात सुतक होतं आणि ते कुणीतरी पाळायला हवं होतं. जिनं पाळायचं तिला मी सांगत नव्हते, म्हणून मी पाळत होते, आणि माझ्याबरोबर नकळत तेरा मुली. रविवारी त्या कुरकुरल्या. भागू नावाची पहिलीतली चिमुरडी म्हणाली, "आमटी आजारी हाय का, बाई?" सगळ्या हसल्या. ठकूही हसली. मी पाहिलं, ती हसली. पानातली आमटी तिनं भातात कालवली आणि खाली बघून नीट संपवली.

एवढं पाहणारी मी, आणखी काय काय पाहिलं ते आता मांडते. रविवारी न्हाऊन झाल्यावर ठकूनं डोक्याला तेल लावलं नाही. मी समजले, अभ्यासाची घाई. तिनं आपलं अंथरूण मधून उचलून दाराजवळ नेलं. मी समजले, पहाटे उठून वाचायचं असेल, दुसऱ्यांची झोप मोडू नये म्हणून. सोमवारी सकाळी पेपरला निघताना बाकीच्या दोघी पाया पडायला आल्या, ही दूरच उभी राहिली, आणि म्हणाली, "बाई, म्या आल्यावर पडते." मी समजले, जीव घाबरलाय. मी तिला सुंठीचा काढा करून दिला. हे असं. नऊ चालकांना शिकवून आलेली मी, तीन दिवस मुलीच्या अंगावर लिहिलेलं वाचत होते आणि प्रत्येक ओळीला परीक्षेचा अर्थ लावत होते, कारण मला तोच हवा होता. त्या तीन दिवसांत मी तिला सुपाजवळ एकदाही बोलावलं नाही. भीती होती, की सूप मध्ये आलं तर माझंच तोंड मोकळं होईल.

मंगळवारचा शेवटचा पेपर गणिताचा. मी दुपारभर वाक्यं जुळवत होते. 'ठकू, मन घट्ट कर.' हे नको, घट्ट का करायचं? 'ठकू, देवाच्या मनात...' देवाला मध्ये घालायचा मला कधी सराव नव्हता. 'तुझी आई आपल्याला सोडून...' आपल्याला म्हणजे कुणाला? मी चार पानं लिहू शकले होते आणि हे एक वाक्य माझ्याजवळ नव्हतं. नीरेवरून वारा येत होता, ओसरीवरची चटई एका टोकानं उचलली जात होती आणि पडत होती. पाचाच्या सुमाराला मुली आल्या. दोघी दारातूनच गणितं सांगत, भांडत आल्या, हिचं उत्तर बारा, तिचं अठरा. ठकू मागून आली. दौत-टाक फळीवर ठेवले, पाय धुतले. मग स्वयंपाकघरात गेली आणि तांदळाचं सूप घेऊन बाहेर आली.

"बसा, बाई," ती म्हणाली.

मी बसले. तिनं सूप मध्ये ठेवलं. तिची बोटं शाईनं निळी झाली होती आणि ती तांदळात फिरायला लागली. मीही हात घातला. काय करणार. चार-सहा खडे निघाले. "कसा गेला पेपर?" मी विचारलं. "बरा गेला. येक गनित ऱ्हायलं." पुन्हा दोन खडे. मग ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "आता सांगा."

"काय सांगू?"

"काकानं काय सांगितलं ते."

माझी बोटं थांबली. तिची चालूच होती. "तू चिमाजीला पाहिलंस?" "न्हाई. म्या मागं धुनं धूत व्हते." "मग धोंडाबाई बोलल्या?" "त्या कशाला बोलत्यात. शुक्रवारी सांजच्याला आमटी तोंडाला लावली अन् कळलं." तिनं एक खडा अंगठ्यानं सुपाच्या कडेला सारला. "आधी वाटलं, तुमचं कुनी गेलं आसंल. पर तुमचं कुनी हायच कुठं. मग बगितलं तर तुमी समद्यांकडं बगत व्हता, माज्याकडं तेवडं बगत नव्हता." ती म्हणाली, "म्हनलं, आईच आसंल. दुसरं कोन हाय मला. अन् निरोप घेऊन काकाबिगर कोन येनार?"

सासूबाईंचा हात माझ्या मनगटावर आला. इतकी वर्षं मी त्यांच्यावर रागावून राहिले होते, आणि मी काय निराळं केलं होतं? त्यांनी हातानं सांगितलं, मी पळीनं. "मग विचारलं का नाहीस, ठकू? शुक्रवारीच विचारायचंस." तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे कोरडे होते, पण खालचं सगळं सुजलं होतं, आणि तेसुद्धा मी जागरण समजले होते. "इचारलं आसतं तर तुमी सांगितलं आसतं," ती म्हणाली. "कानावर पडल्याबिगर सुतक लागत न्हाई. सुतक लागलं आसतं तर अंघुळ करावी लागली आसती, येगळं बसावं लागलं आसतं, समद्या पोरी रडल्या आसत्या. मग पेपर कसा दिला आसता? आईनंच सांगितलं आसंल ना, पेपर होऊ द्या म्हून?"

"हो."

"तिची खोडच ती." पुन्हा सूप. "तुमी बोलला न्हाई तवर ती व्हती, बाई. आर्धी व्हती. म्या रोज येक दिस मोजला." मग तिच्या आवाजात जरा धार आली, आणि मला त्या धारेचा आधार वाटला. "शनिवारी लई छान बोलला तुमी. म्या मनात म्हनलं, आता ह्या मास्तर लोकांसमोरच सांगत्यात का काय. बशीच पडनार व्हती माज्या हातातली."

ओसरीच्या खाली भागू आणि आणखी दोघी सागरगोटे खेळत होत्या, त्यांचं मोजणं ऐकू येत होतं. ठकूनं सुपातले हात काढले, झटकले आणि मांडीवर ठेवले. "आता सांगा," ती पुन्हा म्हणाली. "मला म्हाईत हाय, तरी सांगा. तुमच्या तोंडानं आयकायचं हाय. काका सांगंल तर त्यो रडंल, मग मलाच त्याला गप करावं लागंल."

दुपारभर जुळवलेली वाक्यं होती. त्यांतलं एकही आलं नाही. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि सुपाकडे न बघता तिच्याकडे बघत म्हणाले, "ठकू, तुझी आई गेली. बुधवारी गेली. हिवताप होता. शुद्धीत होती. तुझं नाव घेतलं." माझ्या तोंडातून ते बाहेर पडताना मला ऐकू आलं, प्रत्येक अक्षर वेगळं, आणि पंचवीस वर्षं मागे कुठंतरी नहाणीपाशी बसलेली, राखेचे हात घेतलेली एक मुलगी मान वर करून ते ऐकते आहे असं वाटलं. ठकू ऐकत राहिली. शेवटचं वाक्य संपल्यावरही ती ऐकतच होती. मग तिचा चेहरा हळूहळू मोडला. आवाज आला नाही. सूप कलंडलं, तांदूळ चटईवर पसरला, आणि ती माझ्या मांडीवर डोकं घालून पडली. तिचे तेल न लावलेले केस माझ्या हाताला लागत होते, राठ, शिंदीच्या पात्यासारखे. बोलायचं ते बोलून झालं होतं. खालचं मोजणं थांबलं होतं, आणि धोंडाबाई दारात येऊन, पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मुलींना त्यांनी हातानंच आत घेतलं.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. ती उठली, तोंड पुसलं, आणि इकडंतिकडं सांडलेला तांदूळ बघून गोळा करायला लागली. मी म्हटलं, राहू दे. "पायाखाली येतोय," ती म्हणाली. मग विहिरीवर गेली. धोंडाबाईंनी पाणी शेंदून दिलं आणि डोक्यावरून घातलं, कपड्यांसकट. ओल्या लुगड्यानं ती थरथरत आली, कोरडं नेसली आणि दाराजवळच्या आपल्या अंथरुणाशी बसली. ती जागा तिनं आधीच निवडून ठेवली होती. मी म्हटलं, "पहाटे मी तुझ्याबरोबर येते हिर्डोशीला. धोंडाबाई बघतील इथलं." "गावापोतूर नगा येऊ," ती म्हणाली. "तुमाला बगून बाया रडायच्या थांबतील, लुगडी सारकी करतील. वड्यापोतूर या. तितनं म्या जाईन." मी बरं म्हटलं. मग आठवण झाल्यासारखी ती म्हणाली, "चारी पेपरला पास व्हायला पायजे. काका बाजाराला आला म्हंजे सांगा तुमी त्याला, ऱ्हायलेलं गनित सोपं न्हवतं."

दिवे लागले. स्वयंपाकघरात आमटीला उकळी आली होती. धोंडाबाई चुलीपुढं बसून माझ्याकडे बघत होत्या, पळी भिंतीवर टांगलेलीच होती. आता तर खरंच सुतक होतं, विचारायचं काही उरलं नव्हतं. तेवढ्यात बाहेरून ठकूचा आवाज आला, रडून बसलेला, पण स्पष्ट. "धोंडामावशी, माजी आमटी आधी काढून ठिवा. अन् मग फोडनी द्या. ह्या पोरींनी किती दिस माज्या आईचं सुतक पाळायचं?"

धोंडाबाईंनी एक वाटी भरून बाजूला ठेवली, मग माझ्याकडे बघून दुसरीही. पळी काढली, तेल घातलं, जरा जास्तच घातलं. मोहरी तडतडली आणि सगळ्या घरात तो वास भरला. आतून भागू ओरडली, "बरी झाली आमटी." तिला कुणी दटावलं नाही. मी पहिली वाटी उचलली, त्यात भात घातला, आणि दाराजवळ जाऊन ठकूपासून हातभर अंतरावर बसले. माझंही पान तसंच, बिनफोडणीचं, वाढा म्हणून मी धोंडाबाईंना सांगितलं. आम्ही दोघी जेवलो.